ब्रेकला लावायच्या छोट्या स्प्रिंगांनी गाडीचे मायलेज वाढते का? तपासण्याची आणि बसवण्याची रीत

गाडीच्या सुट्या भागांच्या ऑनलाइन बाजारात व्ही आकाराच्या तारेच्या बारीक स्प्रिंगा, स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा, कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या ब्रेकच्या पकडीच्या) विशेष लेप दिलेल्या पिना असे काही किरकोळ भाग मिळतात. ते लावले की ब्रेक पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कपासून पूर्णपणे सुटतात, चाक मोकळे फिरते आणि गाडीचे मायलेज वाढते, असा विक्रेत्यांचा दावा असतो. हा दावा इंधनाच्या नळीला लावायच्या चुंबकांसारखा निराधार नाही, कारण त्यामागचे यंत्रशास्त्र खरे आहे. प्रश्न आहे तो फायद्याच्या आकाराचा. त्याचे उत्तर जाहिरातीत नसून आपल्या गाडीच्या चाकात असते, आणि ते शोधणे थोडीफार हत्यारे हाताळणाऱ्या माणसाला घरच्या घरी शक्य आहे.

पॅड डिस्कला का घासत राहतात

भारतातल्या बहुतेक लहान गाड्यांना पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे शू मागे ओढून घेण्यासाठी चांगल्या दणकट स्प्रिंगा असतात. डिस्क ब्रेकमध्ये मात्र पॅड मागे खेचणारी अशी स्प्रिंग बहुधा नसते. पेडल दाबल्यावर तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो, आणि पेडल सोडल्यावर त्याला मागे आणण्याचे काम त्याच्याभोवती बसवलेले चौकोनी छेदाचे रबरी सील करते. पिस्टन पुढे जाताना हे सील त्याच्याबरोबर किंचित मुरडते आणि दाब गेल्यावर मूळ आकारात येताना पिस्टनला आपल्याबरोबर मागे घेते. हे मागे येणे मिलिमीटरच्या काही दशांशाहून जास्त नसते. शिवाय सील पिस्टनला मागे घेते, पॅडला नाही. पॅड पिस्टनला चिकटवलेला नसतो, त्यामुळे पिस्टन मागे गेला तरी तो डिस्कला हलकासा टेकून राहू शकतो.

लहान गाड्यांत सरकत्या कॅलिपरची आणखी एक भर पडते. पिस्टन एकाच बाजूला, आतून असतो. बाहेरचा पॅड डिस्कवर दाबला जातो तो अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकल्यामुळे. पेडल सोडल्यावर कॅलिपरला परत सरकवणारे जोरकस असे काहीच नसते; पिना मोकळ्या असल्या तर डिस्कच्या फिरण्यात असलेली अगदी सूक्ष्म लचक पॅडला हळूहळू बाजूला ढकलते. म्हणूनच ब्रेक सोडल्याबरोबर घर्षण सर्वात जास्त असते आणि गाडी ब्रेक न लावता काही अंतर धावली की ते आपोआप कमी होते. मोकळ्या महामार्गावर तासभर एका वेगाने चालणाऱ्या, सुस्थितीतल्या गाडीत या स्प्रिंगांना करण्यासारखे काम फारसे उरत नाही, ते यामुळेच.

हा विचार नवाही नाही. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत इंधन बचतीचे कायदे आले आणि जनरल मोटर्सने १९८० च्या शेव्हरोले साइटेशन आणि तिच्या भावंड गाड्यांमध्ये कमी घर्षणाचे कॅलिपर दिले. सीलची खाच अशी घडवली होती की पिस्टन नेहमीपेक्षा जास्त मागे येई. पण पिस्टन जास्त मागे गेला की पुढच्या वेळी त्याला डिस्कपर्यंत आणायला जास्त तेल लागते आणि पेडल खोल जाते. म्हणून त्याच गाड्यांना दोन व्यासांचा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेकचे तेल ढकलणारा भाग) द्यावा लागला, जो पेडल दाबताच आधी भरपूर तेल कमी दाबाने पुढे ढकलून मधली फट भरून काढी. पॅड आणि डिस्क यांच्यातली फट वाढवायची तर ती भरून काढण्याची सोयही करावी लागते, हे कारखान्यातल्या अभियंत्यांनी त्या वेळीच ओळखले होते. बाजारातून स्प्रिंगा आणून लावणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे.

फायद्याचा हिशेब

चालकासह १,००० किलो वजनाची, १८ किलोमीटरला एक लिटर पेट्रोल खाणारी गाडी घेऊ. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना टायरांचा विरोध साधारण १०० न्यूटन आणि हवेचा विरोध साधारण ११० न्यूटन असतो. आता पुढच्या प्रत्येक चाकाला ब्रेकचे २ न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचे माप) इतके उरलेले घर्षण आहे असे धरू. सुस्थितीतल्या डिस्क ब्रेकसाठी ही वाजवी कल्पना आहे. चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर असेल तर रस्त्यावर त्याचा विरोध चाकामागे ७ न्यूटन, दोन्ही चाकांचा मिळून १४ न्यूटन होतो.

१४ न्यूटनचा विरोध १०० किलोमीटर ओढायला १४ लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा असते आणि त्यातली अंदाजे ३० टक्के चाकांपर्यंत पोहोचते असे मानले, तर या घर्षणापायी १०० किलोमीटरला सुमारे १४५ मिलिलिटर पेट्रोल जळते. तेवढ्याच अंतराला गाडीला एकूण साडेपाच लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. म्हणजे ब्रेकचे सगळे घर्षण जादूने नाहीसे झाले तरी बचत अडीच टक्क्यांच्या थोडी वर जाईल. प्रत्यक्षात स्प्रिंगांनी फार तर निम्मे घर्षण जाईल असे धरणे रास्त आहे. मग बचत उरते सव्वा टक्का, म्हणजे मायलेज १८ वरून सव्वाअठराच्या आतच. वर्षाला १०,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीत सुमारे सात लिटर पेट्रोल वाचेल.

हाही अंदाज वरच्या टोकाचा आहे. गाडी ब्रेक लावून थांबत असते किंवा ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतारावरून घरंगळत असते, तेव्हा ब्रेकच्या घर्षणाने इंधन वाया जात नाही, कारण तेव्हा गाडीचा वेग कमीच करायचा असतो. पुणे-मुंबईच्या शहरी गर्दीत इंजिन जागच्या जागी चालू राहून जे पेट्रोल पिते, त्यावर तर ब्रेकच्या कोणत्याही भागाचा काहीही परिणाम होत नाही.

तुलनेसाठी टायरांकडे पाहावे. चारही टायरांतली हवा सरासरी एक पीएसआयने कमी झाली की मायलेज सुमारे ०.२ टक्क्याने घटते, असे अमेरिकी ऊर्जा खात्याचे सर्वसाधारण प्रमाण आहे. ज्याच्या टायरांत पाच-सहा पीएसआय हवा कमी आहे त्याला स्प्रिंगांइतकाच फायदा पेट्रोलपंपावर फुकट मिळतो. इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून अधिक उपकरणे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गेल्या काही दशकांत तपासली आणि त्यांपैकी फारच थोड्यांनी, तेही किरकोळ, फरक दाखवला. तेव्हा वेष्टनावर दहा किंवा पंधरा टक्क्यांचा आकडा दिसला तर तो वरच्या हिशेबाशी ताडून पाहावा: जे घर्षण मुळात अडीच टक्क्यांचे आहे ते काढून पंधरा टक्के वाचू शकत नाहीत.

याला एक अपवाद आहे, आणि या लेखातला सगळ्यात कामाचा मुद्दा तोच आहे. कॅलिपर अडकलेला असेल तर गणित साफ बदलते. एका चाकाला २० न्यूटन-मीटर घर्षण असले की विरोध ७० न्यूटनच्या वर जातो, इंधनाचा खर्च तेरा टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि ताशी ६० च्या वेगाला त्या एका डिस्कमध्ये सतत सुमारे १,२०० वॅट उष्णता निर्माण होते, जणू चाकात एक इस्त्री चालू ठेवली आहे. स्प्रिंगा बसवून मायलेज बरेच वाढल्याचे सांगणाऱ्यांत खोटे बोलणारे थोडे असावेत. बहुतेकांच्या बाबतीत स्प्रिंग बसवण्यासाठी कॅलिपर उघडला, पिना साफ झाल्या, गंज निघाला, ग्रीस लागले आणि श्रेय मात्र स्प्रिंगेला मिळाले, असे घडले असण्याचा संभव जास्त आहे.

आधी चाक किती धरते ते मोजा

सर्वात सोपी चाचणी तापमानाची. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून शेवटचा काही भाग ब्रेक जवळजवळ न वापरता काढावा, गाडी हळूहळू थांबू द्यावी आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही पुढच्या चाकांच्या डिस्कचे तापमान घ्यावे. चकाकत्या धातूवर हे यंत्र खरे तापमान कमी दाखवते, म्हणून आकड्यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक पाहावा आणि दोन्हीकडे नेमकी तीच जागा धरावी. एक बाजू दुसरीपेक्षा ठळकपणे गरम असेल तर ते चाक ब्रेक धरते आहे. हात लावून पाहण्याचा मोह टाळावा. एकाच बाजूच्या रिमवर जास्त काळी पूड जमणे, जळका वास येणे, गाडी एका बाजूला ओढणे याही खुणा आहेतच, पण त्या दिसतात तोवर दोष बराच पुढे गेलेला असतो.

नेमका आकडा हवा असेल तर सामान तोलण्याचा डिजिटल काटा पुरतो. गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावावेत. पुढचे एक चाक जॅकने उचलून गाडीखाली स्टँड द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर उचललेल्या गाडीजवळ काम करू नये. गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा. इंजिन चालू करून ब्रेक दोन-तीनदा नेहमीसारखा दाबून सोडावा आणि इंजिन बंद करावे. टायरभोवती मजबूत दोरी एक-दोन वेढे गुंडाळून तिच्या टोकाला काटा अडकवावा आणि चाक संथपणे फिरत राहील असे ओढत काट्यावरचे वजन वाचावे. चाक सुरू होताना दिसणारा मोठा आकडा सोडून द्यावा, फिरतानाचा घ्यावा. टायरची त्रिज्या २८ सेंटिमीटर असेल तर ७०० ग्रॅम म्हणजे जवळजवळ २ न्यूटन-मीटर.

या आकड्यात ब्रेकच्या जोडीने गिअरबॉक्समधले तेल आणि चाकाचे बेअरिंग यांचा विरोधही मिसळलेला असतो, कारण एक चाक जमिनीवर असताना दुसरे फिरवले की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना जोडणाऱ्या गिअरांच्या जुळणीमुळे) आतले गिअरही फिरतात. तो वेगळा काढण्यासाठी कॅलिपर हाताने बाहेरच्या बाजूला जोरात ओढून पिस्टन किंचित आत ढकलावा, पॅड पूर्ण सुटल्याची खात्री करावी आणि पुन्हा तसेच मोजावे. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की उरते ते ब्रेकचे घर्षण. यानंतर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत ब्रेक दाबणे अत्यावश्यक आहे. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिल्या दाबाला ब्रेक लागणारच नाही, आणि हे विसरून गाडी काढणाऱ्याचा पहिला अडथळा बहुधा समोरची भिंत असते.

फरक अर्धा किलोच्या आत आला तर स्प्रिंगांनी वाचवण्यासारखे आपल्याकडे जवळजवळ काही नाही, आणि इथेच थांबणे शहाणपणाचे ठरेल. एक किलोच्या आसपास आला तर पुढची साफसफाई करून पुन्हा मोजावे. दोन-तीन किलोंच्या वर आला किंवा चाक हाताने फिरेनासेच झाले, तर तो दोष आहे आणि त्यावर स्प्रिंग हा इलाज नाही.

धरणारे चाक: दोष कुठे आहे

चाक घट्ट धरलेले असतानाच कॅलिपरवरचा हवा काढण्याचा निपल किंचित सैल करावा. त्यातून तेल दाबाने उडाले आणि चाक मोकळे झाले, तर दाब अडकून राहिलेला आहे. कारण बहुधा जुना रबरी होस (ब्रेकच्या तेलाची लवचिक नळी) असतो: बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या होसचे आतले अस्तर सुजते किंवा सुटते आणि तेलाला पुढे जाऊ देते पण मागे येऊ देत नाही. दोन्ही पुढची चाके गाडी तापल्यावर एकदम धरू लागत असतील तर संशय मास्टर सिलिंडरवर किंवा पेडलला आवश्यक असलेली मोकळीक न उरण्यावर घ्यावा. निपल सैल करूनही चाक मोकळे झाले नाही, तर दोष यांत्रिक आहे: अडकलेला पिस्टन, जाम झालेल्या पिना किंवा ब्रॅकेटमध्ये (पॅड आणि कॅलिपर धरणाऱ्या चौकटीत) रुतलेले पॅड. निपल उघडल्यानंतर ब्रेकच्या तेलात हवा शिरली नसल्याची खात्री करावी. शंका असल्यास त्या चाकाच्या ब्रेकमधली हवा काढून घ्यावी.

रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर, आणि मुंबईतही, खाऱ्या हवेने नि चार महिन्यांच्या पावसाने ब्रॅकेटवर गंज लवकर चढतो. पॅड ज्या पातळ क्लिपांमध्ये सरकतात त्या क्लिपांखाली हा गंज फुगतो, क्लिपा आत दाबल्या जातात आणि पॅडचे कान चिमटीत धरल्यासारखे अडकतात. बाहेरून काहीच दिसत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी नुसते पॅड बदलून चाक बंद केले तर नवे पॅडही तसेच अडकतात. कमी घर्षणाचा दर्जेदार भाग म्हणून कशावर पैसे घालायचेच असतील, तर माझ्या मते गाडीच्या कंपनीच्या नव्या ब्रॅकेट क्लिपा ही पहिली खरेदी असावी. त्या नव्या नसल्या तर वर बसवलेली कोणतीही स्प्रिंग निरुपयोगी आहे.

साफसफाई अशी करावी. चाक उतरवून कॅलिपरचा खालचा बोल्ट काढावा आणि कॅलिपर वरच्या पिनेवर उचलून तारेने बांधून ठेवावा. तो होसवर लोंबकळू देऊ नये. पॅड काढून आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी पाहावी. त्यांत स्पष्ट फरक असेल किंवा एकच पॅड तिरका झिजला असेल तर पिना किंवा पिस्टन मोकळे नव्हते हे नक्की. दोन्ही पिना बाहेर ओढून जुने ग्रीस पुसावे. काही कॅलिपरमध्ये एका पिनेवर रबरी बुश असतो आणि दुसरीवर नसतो, म्हणून त्यांची अदलाबदल करू नये. पिनेवर गंजाचे खड्डे असतील तर पिन बदलावी. घासून गुळगुळीत केलेली पिन चालण्याचा भास तेवढा होतो. ग्रीस ब्रेकच्या पिनांसाठीच बनवलेले, उच्च तापमानाचे सिलिकोन किंवा तत्सम कृत्रिम असावे. चाकाच्या बेअरिंगचे साधे पेट्रोलियम ग्रीस ब्रेकच्या रबराला फुगवते आणि काही महिन्यांत पिन आधीपेक्षा घट्ट होते. गॅरेजमध्ये काम करून घेत असाल तर कोणते ग्रीस लावणार हा एक प्रश्न आवर्जून विचारावा.

ब्रॅकेटवरच्या क्लिपा काढून त्याखालचा गंज वायर ब्रशने आणि सपाट कानशीने धातू दिसेपर्यंत काढावा. नव्या क्लिपा बसवल्यावर पॅड बोटाच्या जोराने सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर अजून गंज शिल्लक आहे. पिस्टनभोवतीचे धूळरोधक रबरी आवरण (बूट) फाटले नसल्याचे पाहावे. सी क्लॅम्पने पिस्टन हळूहळू आत ढकलावा, तो एकसारखा सरकला पाहिजे. अडखळत असेल तर सील किट टाकून कॅलिपर दुरुस्त करून घ्यावा. पिस्टन आत जाताना वरच्या ब्रेक तेलाच्या टाकीतले तेल वाढते आणि ओसंडले तर गाडीचा रंग उतरवते, तेव्हा टाकीवर लक्ष असावे.

एवढे करून पुन्हा काट्याने मोजावे. बहुतेक गाड्यांची गोष्ट इथेच संपते.

तरीही स्प्रिंगा बसवायच्या असतील तर

पहिली अट म्हणजे पॅडच्या पोलादी पाठीच्या कडेला स्प्रिंगेचे टोक अडकवण्यासाठी कारखान्यातच केलेली छिद्रे हवीत. अनेक पॅडना ती असतात, आणि काही गाड्यांमध्ये अशा स्प्रिंगा मुळातूनच दिलेल्या असतात. आपल्या गाडीच्या सुट्या भागांच्या यादीत त्या असतील तर निर्धास्तपणे मागवाव्यात. छिद्रे नसतील तर ड्रिलने पाडू नयेत, आणि ‘सर्व गाड्यांना चालणारी’ स्प्रिंग वाकवून बसती करू नये. सुटलेली तार डिस्क आणि पॅड यांच्यामध्ये गेली तर जे नुकसान होईल त्यापुढे सात लिटर पेट्रोल नगण्य आहे.

दुसरी अट जोराची. स्प्रिंगेने पॅड सुटावा, पिस्टन मागे ढकलला जाऊ नये. पॅड अलगद बाजूला ठेवण्यापुरताच तिचा जोर असावा. हाताने दाबताना ती फार ताठ लागत असेल तर ती पिस्टनला सीलच्या मर्यादेपलीकडे रेटत राहील आणि प्रत्येक वेळी पेडल खोल जाईल. आधी सांगितलेल्या दोन व्यासांच्या मास्टर सिलिंडरसारखी सोय आपल्या गाडीत आहे असे गृहीत धरू नये. पॅड जास्त दूर गेल्याचा आणखी एक तोटा पावसात जाणवतो: हलकेच टेकणारा पॅड डिस्कवरचे पाणी पुसत असतो, ते पुसणे बंद झाले की ओल्या रस्त्यावरचा पहिला ब्रेक उशिरा धरतो.

स्प्रिंगा दोन्ही चाकांना एकाच वेळी, वर आणि खाली जोडीने लावाव्यात. एकाच टोकाला लावल्यास पॅड तिरका होतो आणि तिरकाच झिजतो. कॅलिपर खाली आणून बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरावीक जोराला) आवळावेत. चाक हाताने पूर्ण फिरवून स्प्रिंगेची कोणतीही बाजू डिस्कला, कॅलिपरला किंवा रिमला लागत नाही हे कान लावून ऐकावे. मग पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे, तेलाची पातळी पाहावी आणि मोकळ्या जागेत कमी वेगात ब्रेक लावून पाहावा. गाडी काही अंतर चालल्यावर पेडल पहिल्या दाबात खोल जात असेल आणि लगेच दुसऱ्या दाबात वर येत असेल, तर पॅड नको इतके दूर जात आहेत. अशा वेळी स्प्रिंगा काढून टाकाव्यात, त्यात तडजोड नाही. पॅड पुढे झिजत जातात तशा स्प्रिंगेची टोके जवळ येतात, म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला त्या पाहाव्यात आणि पॅड बदलताना स्प्रिंगाही बदलाव्यात. गाडी वॉरंटीत असेल तर हे काम करण्यापूर्वी अधिकृत सर्व्हिस सेंटरचे मत लेखी घेतलेले बरे.

मागच्या ड्रमचे काम थोडक्यात. तिथे शू मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा आधीच असल्याने नवा भाग लावण्याचा प्रश्न येत नाही. चाक धरत असेल तर हँडब्रेकची केबल जास्त आवळलेली असते किंवा तिच्या आवरणात पाणी शिरून ती गंजलेली असते. आधी शूचे अंतर, मग केबल, या क्रमाने जुळवावे. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत, म्हणजे शू ड्रमला चिकटत नाहीत.

विजेवर चालणाऱ्या गाडीचा हिशेब थोडा निराळा आहे. तेच १४ न्यूटनचे घर्षण तिथे १०० किलोमीटरला सुमारे ०.४५ युनिट वीज खाते, आणि लहान विद्युत गाडी तेवढ्या अंतराला साधारण १३ युनिट घेत असेल तर हे साडेतीन टक्के झाले. टक्केवारी पेट्रोलपेक्षा मोठी दिसते कारण एरवी वाया जाणारी ऊर्जा मुळात कमी आहे. शिवाय वेग बराचसा मोटरच कमी करत असल्याने पॅड क्वचितच वापरले जातात आणि पिना न हलता गंजतात. म्हणून अशा गाडीत पॅड झिजले नाहीत तरी वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, कॅलिपर उघडून साफ करावा.

फरक पडला का, हे कसे ठरवायचे

एका टाकीवरून काहीच ठरत नाही. तीस लिटरच्या टाकीत नोझल अर्धा लिटर आधी किंवा नंतर बंद झाले की दीड टक्क्याहून जास्त फरक पडतो, म्हणजे आपण शोधतो आहोत त्याहून चूक मोठी. पेट्रोलचे आकारमान दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.१ टक्क्याने बदलते. उन्हाळा आणि हिवाळा यांची तुलना करणारा माणूस ब्रेकऐवजी हवामान मोजत असतो. एसी, वाहतूक आणि टायरांतली हवा यांची भर वेगळीच.

त्याहून चांगली चाचणी म्हणजे गाडी मोकळी सोडून तिचा वेग किती वेळात उतरतो ते पाहणे. वाहनांची अधिकृत इंधनक्षमता ठरवतानाही रस्त्यावरचा विरोध याच पद्धतीने आधी मोजला जातो. पहाटेच्या वेळी, वारा नसताना, रहदारी नसलेल्या सरळ सपाट रस्त्यावर, इंजिन चालू ठेवून ताशी ५० ला गिअर न्यूट्रल करावा आणि वेग ३० पर्यंत उतरायला लागणारा वेळ शेजारी बसलेल्या व्यक्तीने मोजावा. घाटात किंवा उतारावर हे कदापि करू नये. वरच्या उदाहरणातल्या गाडीला साधारण ३५ सेकंद लागतील. ब्रेकचे घर्षण निम्मे झाले तर दीडेक सेकंद वाढेल. पण हजार मीटरला एक मीटर चढ असला, जो डोळ्यांना दिसतही नाही, तरी त्याचा विरोध सुमारे १० न्यूटन, म्हणजे आपण वाचवलेल्या ७ न्यूटनपेक्षा जास्त असतो. म्हणून प्रत्येक वेळी त्याच तुकड्यावर दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढावी, टायर आधी तेवढेच तापवून घ्यावेत, हवा आणि गाडीतले वजन सारखे ठेवावे, आणि प्रत्येक मोजणीपूर्वी ब्रेक एकदा सारखाच लावून सोडावा.

मोजणी तीन टप्प्यांत घ्यावी: कॅलिपर साफ करण्यापूर्वी, साफ केल्यावर स्प्रिंगांशिवाय, आणि शेवटी स्प्रिंगांसह. मधला टप्पा वगळला तर तिसऱ्या आकड्याचा अर्थच लावता येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या सरासरीत एकाच टप्प्यातल्या दोन फेऱ्यांमध्ये पडतो तेवढाही फरक नसेल, तर स्प्रिंगा काढून ठेवल्या तरी चालतील.